मालिश बंद ठेवलेले आठ दिवस

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. आजवर माझ्या हातून जे लिहिलं गेलं, ते परीक्षेच्या पेपरात आणि गावातल्या लोकांच्या अर्जांवर. वाशिमच्या कॉलेजात आमचे मराठीचे सर एकदा वर्गात म्हणाले, "जे सांगायची लाज वाटते ते लिहून पाहा." सर सहज बोलले असतील. मी मात्र तेव्हापासून हे लिहावं की नाही, या विचारात आहे. गोष्ट माझ्या ताईची आहे. तिला लिहिता येत नाही. ती सांगू शकते, पण तिचं बोलणं घराबाहेर सहसा कोणाला समजत नाही. म्हणून मी लिहितोय. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ताईची माफी मात्र मी वेगळी मागितली आहे.

आमचं गाव आसेगावपासून फार लांब नाही. बाबा शेलूबाजारच्या बाजारात हमाली करतात, माय दुसऱ्यांच्या शेतात निंदण-सोंगणीला जाते. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नाही, असं माय सांगते. पुढे तिचे हातपाय ताठ होत गेले. तिच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर या आजाराचं लांबलचक नाव आहे. आमच्या घरात ते नाव कोणी घेत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की ताईचं अंग आवळलेलं आहे. ती चालत नाही. भिंतीला टेकवून बसवलं तर बसते. मुठी घट्ट मिटलेल्या, अंगठे आत दडलेले. मांड्या एकमेकींवर अशा चढलेल्या, की कपडे बदलायला माय एकटी पुरत नाही.

समजतं मात्र तिला सगळं. शब्द ओढून ओढून बोलते, आणि वाक्याचा शेवट बऱ्याचदा घशातच राहतो. मला आणि मायला तिचं बोलणं पुरतं कळतं. बाबांना अर्धं कळतं, उरलेलं ते हसून निभावून नेतात. मी अकरावीला शेलूबाजारला जाऊ लागलो तेव्हापासून ती मला 'सायब' म्हणते. मी सकाळी शर्ट इनशर्ट करून निघालो की भिंतीजवळून आवाज यायचा, "सायब, डबा घेतला का?" डबा मी रोज विसरायचो, आणि विसरतो म्हणून ती विचारायची.

दोन वर्षांपूर्वी शेलूबाजारला दिव्यांगांचं शिबिर भरलं. मी आणि बाबा ताईला जीपमध्ये घालून घेऊन गेलो. तिथे कळलं, की दवाखान्याच्या औषधांखेरीज मालिश, शेक, योगासनं अशा गोष्टींसाठीही सरकारच्या निधीतून मदत मिळू शकते. अर्जावर त्याला 'पूरक उपचार' म्हटलं होतं. आम्हाला ते नीट उमगलं नाही. शिबिरात एक आयुर्वेदाच्या डॉक्टर मॅडम होत्या. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा छोटासा दवाखाना आहे. त्यांनी ताईच्या मुठीत आपलं बोट सरकवून पाहिलं आणि हिची आई घरी काय करून घेते, असं विचारलं. त्या दिवशी माय आली नव्हती, मग उत्तर मलाच द्यावं लागलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवले होते, पण ते करताना ताई एवढी ओरडायची, की मायने ते सोडून दिले होते.

"ते सोडायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "ते व्यायाम म्हणजे भाकर. मी सांगते ते तिच्यासोबतचं कोरड्यास. नुसत्या कोरड्यासानं पोट भरत नाही. पण कोरडी भाकर हिला गिळत नाही ना? आधी तेल लावा, शेक द्या, अंग सैल होऊ द्या. मग व्यायाम. ही चालायला लागेल असं मी म्हणत नाही. दुखणं कमी होईल. आणि एकदा चालू केलं की बंद पडू देऊ नका."

शेवटचं वाक्य मी तेव्हा मान हलवून ऐकलं. नंतर ते मला फार वेळा आठवलं.

अर्ज मी भरला. मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. त्यातून तेलाचा आणि मालिश करणाऱ्या बाईच्या मजुरीचा खर्च निघणार होता. सोबत एक कार्ड आलं, त्यावर मालिशीची नोंद करून दर महिन्याला डॉक्टर मॅडमची सही घ्यायची होती. आमच्या गावात बाळंतिणींना आणि त्यांच्या लेकरांना न्हाऊमाखू घालणाऱ्या एक मावशी आहेत. डॉक्टर मॅडमनी त्यांना दवाखान्यात बोलावून कुठे दाबायचं आणि कुठे मुळीच दाबायचं नाही ते शिकवलं. मावशी तिथून आल्या त्या रुबाबातच. "अर्धं गाव रगडलं म्या," त्या मायला म्हणाल्या, "पन कार्डावर सही घेऊन रगडनं आता शिकली."

आठवड्यातून चार दिवस त्या यायच्या. शेताच्या धुऱ्यावरची निर्गुंडी तोडून आणायच्या, तिची पोटली तव्यावर गरम करून ताईच्या खांद्यांना आणि मांड्यांना शेक द्यायच्या, मग तेल. त्यानंतर माय व्यायाम करून घ्यायची. मावशींचा आवाज एवढा मोठा, की त्या गल्लीच्या तोंडाशी असल्या की आम्हाला घरात कळायचं. मालिश करताना दोघींचं भांडण चालायचं.

"काहून वं रानी, आज हात उघडते का मूठ मारते?"

"मारते," ताई म्हणायची.

"मार. तुह्या मुठीनं माहं काय होते? चार नातवायच्या लाथा खाल्ल्या म्या."

आणि एवढं बोलेपर्यंत त्यांनी अंगठा बाहेर काढलेला असायचा.

पाण्याची गोष्ट त्यांच्यामुळेच सुरू झाली. एक दिवस मालिश संपल्यावर मावशींनी पाणी मागितलं. मायचे हात पिठात होते. भरलेला ग्लास ताईच्या बाजूला जमिनीवर होता. ताईने दोन्ही हातांच्या कडांनी तो ग्लास मावशींकडे ढकलला. एक वीत सरकला असेल. मावशी पाणी प्यायल्या आणि उठताना म्हणाल्या, "उद्यापासून म्या हिच्याच हातचं पानी पिनार. नाई देल्लं तं तहानलेली जाईन."

आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग कुठून आलात ते विचारतात. कोणत्या घरात कोण पाणी आणून देतं, यावरून पोरगी मोठी झाल्याचं लोकांना कळतं. ताईच्या बरोबरीच्या मुलींनी असंच पाहुण्यांना पाणी दिलं, आणि एकेक करून त्या सासरी गेल्या. आमच्याकडे पाहुणे आले की ताईला आतल्या खोलीत नेऊन बसवायचे. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढंच. ताईला काय होत असेल, हे मीही कधी विचारलं नाही.

ढकलण्यापासून उचलण्यापर्यंत यायला चार महिने लागले. त्यात एक महिना वायाच गेला, कारण मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी किन्हीराजाला गेल्या होत्या. त्या महिन्यात ताईचे अंगठे पुन्हा आत गेले. कपडे बदलताना ती पुन्हा कण्हायला लागली. मी सुट्टीत आलो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. मावशी परतल्या आणि पुन्हा सुरुवातीपासून सुरू झालं. एका दुपारी ताईने अर्धा भरलेला ग्लास दोन्ही हातांत धरून उचलला आणि शेजारी बसलेल्या मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो एका दमात संपवला. माय भिंतीकडे तोंड करून बसली. मला हे फोनवर कळलं, पण ताईनेच सांगितलं. एक वाक्य सांगायला तिला किती तरी वेळ लागला, आणि मी वाशिमला वसतिगृहाच्या जिन्यात फोन कानाला धरून उभा होतो.

मदत पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला सहा महिन्यांनी तालुक्याच्या ऑफिसातून कोणीतरी घरी येऊन पाहतं, असं आम्हाला सांगितलेलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो तेव्हा फोन आला, की दहा दिवसांनी एक मॅडम येतील. ताईला सांगितलं, तर तिने पहिलाच प्रश्न केला, "त्यायले पानी मी देऊ?"

"तूच दे," मी म्हणालो. आणि ते मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी बाबांचा डबा घेऊन मी शेलूबाजारला गेलो. आमचे शेजारचे काका तिथल्या जीपथांब्यावर सवाऱ्या बोलावतात. लहानपणी पोलिओने त्यांचा एक पाय अधू झाला. "आसेगाव, आसेगाव" असं ओरडतच त्यांनी मला जवळ बोलावलं.

"काहून रे पोट्ट्या, तुह्या घरी सायब येऊन राह्यले म्हने?"

"मॅडम आहेत काका. ताईला बघायला येताहेत."

"मंग, काय दाखवशीन?"

मी ग्लासाचं सांगितलं. अभिमानानेच सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला.

"अरे बह्याड! तिनं पानी देल्लं तं ते बाई काय लिवन? पोरगी बरी झाली. बऱ्या मानसाले सरकार मालिश कायले देईन?"

"पण बरी नाही झाली ना ती..."

"हे तुले मालूम. कागदाले मालूम हाये का? आयक. म्या सर्टिफिकीटच्या शिबिरात गेलो तं दोन्ही पायानं लंगडलो. डाक्तर म्हने, काका, तुमचा एकच पाय अधू हाये न? म्या म्हतलं, हाव जी, पन दुसऱ्याले त्याची सोबत हाये." बाजूचे दोन ड्रायव्हर हसले. काका हसले नाहीत. त्यांनी माझा खांदा धरला. "आठ दिवस मालिश बंद ठेव. हात आवळले की मंग दाखव. शिकेल पोट्टा तू, एवढं तुले समजाले पाह्यजे."

काकांना दोष द्यायचा नाही. आयुष्यभर ऑफिसांच्या पायऱ्या चढून ते जे शिकले ते त्यांनी मला फुकट दिलं. आणि त्यांचं शेवटचं वाक्य अगदी माझ्या वर्मी लागलं. घरात मी एकटा शिकलेला. सरकारी कामाची रीत मला कळायलाच हवी, नाही तर शिकून उपयोग काय, असं वाटलं. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

मायला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ तूर निवडत राहिली. मग म्हणाली, "मले तं बरं नाई वाटत. पन तू शिकेल हायेस. तुले समजते." तिने नाही म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. असं मी आज म्हणतो. खरं माहीत नाही.

मावशींकडे जाऊन मी सांगितलं, की डॉक्टर मॅडमनी आठ दिवस आराम द्यायला सांगितलंय.

"मॅडमनं? मले नाई सांगतलं."

"माझ्याजवळ सांगितलं."

"बरं बाप्पा. तुमी शिकलेले लोकं." एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

आणि ताईला सांगितलं, की मावशी किन्हीराजाला गेल्या, लेकीकडे. नातू आजारी आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दारात बसून पुस्तक वाचत होतो. ताई आत भिंतीला टेकून होती. गल्लीच्या तोंडाशी मावशींचा आवाज आला. कोणाला तरी सांगत होत्या, की सोयाबीन वाळू घातलं तिथे कोंबड्या शिरल्या. आवाज जवळ आला, आमच्या दारासमोरून गेला, आणि पुढे कमी कमी होत गेला. मावशींनी आमच्या घराकडे पाहिलं नाही. मी पुस्तकातून मान वर केली नाही. शेवटी केली तेव्हा ताई माझ्याकडे पाहत होती. त्या दिवसापासून तिने मला 'सायब' म्हणणं बंद केलं.

मी तेव्हाही उठून मावशींच्या मागे जाऊ शकलो असतो. गेलो नाही. पाच दिवस राहिले आहेत, मग सगळं नीट होईल, असं मी स्वतःला सांगत होतो. सहाव्या दिवशी अंगठे आत गेले. सातव्या दिवशी माय आणि मी कपडे बदलत असताना ताई ओरडली. मायने माझ्याकडे पाहिलं नाही.

आठव्या दिवशी मॅडम आल्या. पन्नाशीच्या असतील. उन्हातून स्कूटीवर आल्या होत्या, खांद्यावर बॅग आणि हातात फाइल. आमच्या बेताप्रमाणे ताई आत बाजेवर निजलेली असायला हवी होती. पण सकाळीच तिने मायला सांगून स्वतःला माठाजवळ बसवून घेतलं होतं. अंगावर नवी ओढणी टाकून घेतली होती. मी मायला खुणेने विचारलं, तर ती म्हणाली, "म्या नाई म्हनू शकली नाई."

मी मॅडमना प्लास्टिकची खुर्ची दिली. ताईने मायला नजरेने खुणावलं. मायने अर्धा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला. ताईची बोटं उघडेनात. तिने दोन्ही मनगटांमध्ये ग्लास पकडला. तो वर उचलला गेला, आणि मॅडम खुर्चीवरून वाकून हात पुढे करेपर्यंत तो निसटला. पाणी फाइलवर आणि त्यांच्या साडीवर सांडलं. ग्लास जमिनीवर गरगर फिरला आणि माठाला लागून थांबला.

मॅडम रागावल्या नाहीत. फाइल झटकून त्यांनी रुमालाने पुसली. कार्ड पाहिलं, डॉक्टर मॅडमच्या सह्या पाहिल्या, ताईच्या मुठी पाहिल्या. मग मला म्हणाल्या, "सहा महिने उपचार घेतलेत ना? आणि हात अजून असेच?"

मी माठाजवळचा ग्लास उचलून ठेवला.

"हे बघा, इथे दोनच घरं आहेत," त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "फायदा झाला किंवा फायदा झाला नाही. फायदा नसेल तर पुढे मदत कशासाठी द्यायची, असं वर विचारतात. मी काय लिहू?"

हे काकांनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ठाऊक नसणार. मी उलट बाजूने विचारच केला नव्हता.

तेव्हा ताई बोलली. शब्द ओढत, मानेला झटके देत, पण सगळं वाक्य शेवटापर्यंत बोलली. मॅडमना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय ती?"

माय चुलीजवळ उभी होती, पदर तोंडाला लावून. ती बोलणार नव्हती. ताईच्या बोलण्याचा अर्थ सांगणारा तिथे मी एकटाच होतो. मी म्हणू शकत होतो, की ती म्हणते, पाणी सांडलं, माफ करा. मॅडमनी ते खरं मानलं असतं. ताई माझ्याकडे पाहत होती, गल्लीतून आवाज गेला त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"ती म्हणते," मी म्हणालो, "मालिश आठ दिवस बंद आहे. माह्या भावानं बंद केली. त्याले इचारा, काहून."

मग मी बाकीचंही सांगितलं, डॉक्टर मॅडमचं नाव खोटंच सांगितलं तेसुद्धा. काकांचं तेवढं सांगितलं नाही. मॅडमनी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हणालो, "माझं मीच."

"कॉलेजात आहात?"

"हो, मॅडम."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही एकटे नाही. घरोघरी हेच चालतं. कोणी चांगलं दाखवत नाही, आणि मग मला काय खरं ते दिसत नाही." फाइल बॅगेत घालत त्या उठल्या. "आज मी काही लिहीत नाही. मालिश आजच चालू करा. मी पुन्हा येईन, पण सांगून येणार नाही. महिनाअखेर मला कागद वर पाठवायचे आहेत. त्याआधी जमलं तर येईन. नाही जमलं तर आज पाहिलं तेच लिहावं लागेल."

मायने दुसरा ग्लास भरून दिला. त्या उभ्यानेच प्यायल्या. ताईने तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

मी तसाच मावशींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"बारशाच्या आधी तुले म्याच रगडलं रे. तवा बाकी आंग सोडून डोक्शाकडं जरा जास्त ध्यान द्याले पाह्यजे होतं." एवढं बोलून त्या माझ्यापुढे चालू लागल्या. आमच्या घरात शिरताना ताईला म्हणाल्या, "आली वं मी, किन्हीराजाहून. पायी आली, म्हनून आठ दिवस लागले."

ताई हसली. माझ्याकडे न पाहता हसली.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी ताईच्या समोर जमिनीवर बसलो आणि माफी मागितली. काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिने ऐकलं. मग म्हणाली, "मले इचारलं असतं तं?" मी विचारलं, "तू काय म्हणाली असतीस?" ती म्हणाली, "नाई म्हतलं असतं." यात सगळंच आलं. आठ दिवसांत मी मायला विचारलं होतं, मावशींना फसवायला त्यांच्या घरी गेलो होतो, जीपथांब्यावर सल्ला घेतला होता. हात जिचे होते तिला विचारलं नव्हतं.

वाशिमला आल्यावर मी रोज घरी फोन करायचो.

"मॅडम आल्या का?"

"नाई आल्या."

"अंगठे?"

"एक आला बाहीर. दुसरा कडू हाये जरा, आयकत नाई."

ताई फोनवर येत नव्हती. मायच म्हणायची, ती मालिशीला बसली, ती जेवून राह्यली. एकदा बाबांकडे शेलूबाजारपर्यंतच जाणं झालं तेव्हा काका थांब्यावर भेटले. मी त्यांना घडलं ते सांगितलं नव्हतं, पण आमच्या गावात सांगावं लागत नाही. ते सवाऱ्या बोलावायचे थांबले. म्हणाले, "माहं नाव नाई घेतलं तू." मी म्हणालो, "तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." त्यावर ते म्हणाले, "गेलं वाटते बावा ते काम. मालिश बंद पडू देऊ नको पन. माह्याकडून तेल नेजो." मग पुन्हा ओरडायला लागले, पण त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

महिना संपत आला. मदत थांबली तर मावशी फुकट यायला तयार होत्या. पण त्यांचं पोट याच कामावर आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. बाळंतीण असली की त्यांना तिकडे जावंच लागणार. मग पुन्हा एक महिना, पुन्हा अंगठे. मी पुस्तक उघडायचो आणि माझ्या डोळ्यांसमोर तो गरगर फिरणारा ग्लास यायचा.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस मी वसतिगृहाच्या नळावर कपडे धूत होतो. फोन खोलीत होता. खोलीतला मित्र धावत घेऊन आला. ओल्या हातानेच घेतला.

"आल्या होत्या," माय म्हणाली.

"कोण? मॅडम? कधी?"

"आत्ताच गेल्या. म्या वावरातून आली तं दारात गाडी. मावशी मालिश करूनच राह्यल्या होत्या. मॅडम म्हने, चालू द्या. अन् खुर्ची देल्ली तं नाई म्हने. चटईवर बसल्या, ताईच्या बाजूले."

"मग?"

"मंग काय, मावशीनं मालिश झाल्यावर पानी मांगतलं. ताईनं देल्लं. मॅडम म्हने, अन् मले? ताई म्हने, भर. म्या अर्धा भरला, तं ताई म्हने, पुरा भर."

"पूर्ण?"

"काठोकाठ. तिनं उचलला, अन् देल्ला. थोडं सांडलं, खोटं कायले बोलू. मॅडमच्या हातावर सांडलं. त्या प्याल्या अन् त्यायनं तथीच बसून लिवलं. मले वाचून दाखवलं. फायदा झाला, पन बंद केलं की हात आवळते, म्हनून चालू ठेवा, असं लिवलं. घरात नाई बसलं तं बाजूच्या पट्टीत लिवलं, आडवं."

नळ तसाच चालू होता.

"आयकून राह्यला न?"

"हो, माय."

"कागद वर गेला की पुढचं कळवतीन म्हने. पन त्यायच्या बोलन्यावरून काम झालं असं वाटते." मग फोनवर खरखर झाली. मागे मावशींचा आवाज, कोणीतरी हसलं. माय परत आली. "हे पाह्य, ताई काय म्हनून राह्यली. तुले सांगाले सांगते."

"काय?"

"म्हने, सायबाले सांग, तहान लागली अशीन तं घरी येजो."